इस्लापूरची फाईल

राज्य पुनर्रचना कायदा, १९५६. त्याचं आठवं कलम एकदा सावकाश वाचून पाहावं. नवं मुंबई राज्य कोणत्या मुलखाचं बनणार याची ती यादी आहे. औरंगाबाद, परभणी, बीड, उस्मानाबाद हे अख्खे जिल्हे एका दमात येतात. नांदेड येतो, पण देगलूर आणि मुधोळ तालुक्यांतली काही सर्कलं मागे ठेवून. बिदरमधून अहमदपूर, निलंगा, उदगीर. आणि मग आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल.

सर्कल म्हणजे महसुलातलं मंडळ, तालुक्याचा एक तुकडा. देशाचा नकाशा नव्याने आखणाऱ्या कायद्यात राज्यांची, जिल्ह्यांची नावं असणारच. पण पैनगंगेच्या काठचं, सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळचं, सागाच्या जंगलाला लागून असलेलं इस्लापूर त्यात नावानिशी आहे. इथे बाजारात मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते, बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी, गोंड आणि कोलाम पाड्यांवर त्यांच्या स्वतःच्या बोली. भाषेप्रमाणे राज्यं करायची तर रेघ कुठून मारायची, हा प्रश्न अशाच ठिकाणी खरा होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बोथ तालुका आंध्राकडे गेला आणि इस्लापूर सर्कल त्याच्यापासून तुटून मराठीच्या बाजूला आलं.

याच कायद्यात पुढे ५१ वं कलम आहे. उच्च न्यायालयाचं मुख्य ठिकाण कुठे असेल ते त्यात सांगितलंय, आणि पुढे एक छोटं पोटकलम जोडलंय: मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने ठरवतील अशा दुसऱ्या ठिकाणीही न्यायमूर्ती बसू शकतील. पंचवीस वर्षं ते पोटकलम मराठवाड्याच्या कामी आलं नाही. मग मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी त्याचा आधार घेतला आणि २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले. १९६० साली महाराष्ट्र झाल्यावर १९५६ चं हे कलम जिवंत राहिलं की नाही, यावर वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ते जिवंत आहे असं सांगितलं. १९८४ मध्ये खंडपीठ कायम झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं तेही याच पोटकलमाच्या जोरावर.

मला हे विलक्षण वाटतं. ज्या कायद्याच्या एका कलमाने इस्लापूर मराठी मुलखात आणलं, त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने इस्लापूरच्या माणसाचं अपील कुठे ऐकलं जाईल ते ठरवलं. आज इस्लापूर पोलीस ठाण्याच्या हद्दीत कुणाचा खून झाला, नांदेड जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाने आरोपींना जन्मठेप दिली आणि त्यांनी अपील केलं, तर अडीचशे किलोमीटरहून दूर औरंगाबादच्या खंडपीठात जो कागद उघडतो त्याच्या पहिल्या पानावर एका बाजूला आरोपींची नावं असतात आणि दुसऱ्या बाजूला: महाराष्ट्र राज्य, मार्फत पोलीस ठाणे इस्लापूर, ता. किनवट, जि. नांदेड. राज्य त्या गावाच्या पोलीस ठाण्याच्या नावाने कोर्टात उभं राहतं.

त्या पानावर आणखी एक खूण सापडते. मुंबईकडचे इंग्रजी निकाल तालुक्यासाठी ‘टीएएल’ ही अक्षरं वापरतात. औरंगाबादचे निकाल ‘टीक्यू’ लिहितात. हा ‘क्यू’ उर्दूतल्या ‘तअल्लुक़ा’मधल्या ‘क़ाफ’चा आहे. निजामाच्या राज्यात कोर्टाची भाषा उर्दू होती. तेव्हा इस्लापूरचं खुनाचं अपील हैदराबादला मुसी नदीच्या काठच्या त्या भव्य लाल इमारतीत गेलं असतं. राज्य गेलं, लिपी गेली, पण एक अक्षर अजून टंकलेखनात बसून आहे.

आता अपील म्हणजे काय, हे जरा नीट पाहू. पुष्कळांना वाटतं, वरच्या कोर्टात नव्याने खटला चालतो, साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभे राहतात. तसं नसतं. सत्र न्यायालयात दिलेल्या शिक्षेवरचं पहिलं अपील हा आरोपीचा हक्क असतो. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, साठ दिवसांत ते दाखल करायचं. जन्मठेपेचं अपील दोन न्यायमूर्तींसमोर चालतं. साक्षीदार येत नाहीत. येते ती खालच्या कोर्टाची मूळ फाईल आणि तिच्यावरून बनवलेलं पेपर बुक. त्या दोघांनी ते गाव पाहिलेलं नसतं. वाड्यासमोरचा पार, हातपंपाकडे जाणारी बोळ, घटनेच्या रात्री जिथे माणूस पडला तो उकिरडा, हे सगळं त्यांना कागदातूनच उभं करायचं असतं. आणि कायदा त्यांना सांगतो की खालच्या न्यायाधीशाने काय ठरवलं तेवढं पाहून थांबू नका. सगळा पुरावा स्वतः पुन्हा तोला.

हा कागद तयार कसा होतो? गावात एकच लेखनप्रकार असा आहे जो प्रत्येक मराठी माणसाने ऐकलाय आणि क्वचितच कुणी वाङ्मय म्हणून वाचलाय: पंचनामा. दोन पंच, बहुधा त्याच गावचे. ‘पूर्वेस अमुकचे घर, पश्चिमेस गावरस्ता, दक्षिणेस पडीक जागा, उत्तरेस ओढा.’ चारी दिशांनी जागा बांधून घ्यायची आणि मग आत काय दिसलं ते लिहायचं. चप्पल, तीही एकाच पायातली. फुटलेल्या बांगड्या. रक्ताने माखलेली माती, साध्या मातीच्या नमुन्यासह वेगवेगळ्या पुड्यांत बांधलेली. साधी माती कशाला, असं वाटेल. रक्ताची माती खरंच त्याच जागेची आहे का हे प्रयोगशाळेला ताडून पाहता यावं म्हणून. दहा वर्षांनी औरंगाबादला एखादा वकील विचारतो, ‘घटना ओसरीवर झाली म्हणता, मग रक्ताची माती अंगणातून कशी?’ तेव्हा तो त्या दोन पुड्यांशी बोलत असतो.

कागदावर वेळही गोठवलेली असते. खबर कधी दिली, ठाण्यात कधी नोंदली, आणि तिची प्रत मॅजिस्ट्रेटकडे कधी पोचली. ही प्रत तातडीने पाठवायची असते, आणि मिळाल्यावर मॅजिस्ट्रेट तिच्यावर सही आणि वेळ टाकतो. फिर्याद मागाहून विचार करून, चार नावं वाढवून लिहिलेली नाही याची ती एक पारख असते. पावसाळ्यात ओढे भरलेले असतील, वाडीवरून ठाण्याला यायला रात्र गेली असेल, तर उशीर समजून घेता येतो. पण तो उशीर कुणीतरी साक्षीत सांगितला पाहिजे. न सांगितलेला ओढा कोर्टाला दिसत नाही.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. खुनाचं कलम ३०२ होतं ते आता न्याय संहितेचं १०३ झालं, झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालं, मोठ्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने जागेवर जाण्याची तरतूद आली. म्हणजे यापुढच्या फायलींत गाव थोडं हलताना दिसेल. पण आज खंडपीठात वाचल्या जाणाऱ्या कितीतरी अपिलांचं गाव अजून पंचनाम्याच्या शाईतच आहे.

मग भाषेचा प्रवास. हा मला सगळ्यांत थक्क करणारा भाग वाटतो. इस्लापूरकडची एखादी म्हातारी आपल्या बोलीत सांगते. दुभाषी लागला तर तो ते मराठीत सांगतो. १९९८ पासून महाराष्ट्रातल्या खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, त्यामुळे साक्ष मराठीत उतरते. उच्च न्यायालयाची भाषा मात्र संविधानाप्रमाणे इंग्रजी. मग पेपर बुकमध्ये तिचं भाषांतर येतं. आणि ते भाषांतर वाचणारे न्यायमूर्ती बहुधा मराठी असतात, मनात ते पुन्हा मराठी करतात, शंका आली की मूळ पान उघडायला सांगतात. बाई म्हणाली होती ‘मारलं’. मारलं म्हणजे एक फटका दिला, की जीवच घेतला? मराठीत दोन्ही. इंग्रजी करताना अनुवादकाला त्यातला एक अर्थ निवडावा लागतो, आणि त्या निवडीवर जन्मठेप उभी राहू शकते. म्हणून चांगले वकील निशाणी क्रमांक लक्षात ठेवतात आणि मूळ मराठी साक्षीच्या पानाला कागदाची चिटोरी लावून येतात.

तीच गोष्ट कुऱ्हाडीची. कुऱ्हाड धारेने मारली की पाठीने? डॉक्टर शवविच्छेदनात लिहितो: कापलेली जखम, की फुटलेली. धारेची जखम आणि पाठीची जखम वेगळी दिसते. शेताच्या बांधावर भांडण पेटलं, हातात असलेली कुऱ्हाड उलटी फिरवून एकच घाव घातला, तर मनात जीव घेण्याचा इरादा होता का? हा खून की सदोष मनुष्यवध? १९५८ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी पंजाबातल्या भाल्याच्या एका घावाच्या खटल्यात यावर जे सांगितलं ते आजही प्रत्येक अपिलात वाचलं जातं. हे बोस नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या मते प्रश्न असा विचारायचा: ती जखम करायची हाच हेतू होता का, आणि तसं असेल तर ती जखम सामान्यपणे मृत्यू आणायला पुरेशी होती का? मारणाऱ्याला परिणामाचा हिशेब माहीत होता का हे मग विचारायचं नाही. उलटी कुऱ्हाड आणि सुलटी कुऱ्हाड यांच्यात कधी कधी दहा वर्षांचं अंतर असतं.

याच बोसांनी १९५३ मध्ये गावच्या खटल्यांतलं एक मोठं कोडं सोडवलं. खेड्यातल्या खुनाला साक्षीदार कोण? घरचेच. बायको, भाऊ, मुलगा. रात्रीच्या वेळी अंगणात दुसरं कोण असणार? बचावाचे वकील म्हणायचे, हे नातलग, यांचं काय ऐकायचं. बोस म्हणाले, नातं हे साक्ष नाकारायचं कारण होऊ शकत नाही. ज्याचा बाप मेला तो खरा मारेकरी सोडून भलत्याला अडकवायला सहसा तयार होणार नाही. अर्थात जुनं वैर असेल तर खऱ्याबरोबर एखाद्या निरपराध्याचं नाव घुसडलं जाऊ शकतं, तेव्हा डोळ्यांत तेल घालून वाचा. गावातलं वैर ही दुधारी गोष्ट. त्याने खून होतो, आणि त्यानेच खोटं नावही येतं.

आरोपी खूप असतील तर अडचण वाढते. दोन भावकींची मारामारी, एका बाजूने वीस जण आले, एक मेला. वीसही जणांना फाशी द्यायची? १९६४ मध्ये असा उत्तर प्रदेशातल्या एका गावाचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. तेव्हाचे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर, साताऱ्याचे. उच्च न्यायालयाने एक कसोटी लावली होती: किमान चार साक्षीदारांनी ज्याचं नाव एकसारखं सांगितलं, तोच दोषी. कुणालाही ही कसोटी यांत्रिक वाटेल. गजेंद्रगडकरांनी तसं मान्य केलं, आणि तरीही तिला चूक म्हटलं नाही. गर्दीत माणसाची नजर सगळ्यांवर राहत नाही, म्हणून मोठ्या जमावाच्या खटल्यात एकाहून जास्त डोळ्यांनी दुजोरा मागणं हे शहाणपणाचं आहे. कायद्यात साक्षीदारांच्या संख्येची अट नाही. एक भरवशाचा साक्षीदार पुरतो, हे १९५७ पासून ठरलेलं आहे. पण शहाणपणाची अट वेगळी असते.

आता उजेड. गावातल्या रात्रीच्या खुनाच्या जवळजवळ प्रत्येक अपिलात हा प्रश्न येतोच: दिसलं कसं? पोलवर दिवा होता का? लाईट गेली होती का? घरात चिमणी पेटत होती का? अमावस्या होती की पौर्णिमा? मराठी घरात पंचांग असतं, आणि ते इथे कामाला येतं. त्या रात्रीची तिथी काढली की चंद्र केव्हा उगवला, केव्हा मावळला हे कळतं. १८५८ मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यात अब्राहम लिंकन नावाच्या वकिलाने हेच केलं होतं. साक्षीदार म्हणाला, चंद्राच्या लख्ख उजेडात मी मारताना पाहिलं. लिंकनने पंचांग काढून दाखवलं की त्या वेळी चंद्र क्षितिजाजवळ, मावळायला टेकलेला होता. आरोपी सुटला. पुढे लिंकन राष्ट्राध्यक्ष झाले म्हणून ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आपल्याकडे तिथी काढून साक्ष तोलणारे कितीतरी वकील आहेत, त्यांची नावं कुणाला ठाऊक नसतात.

पण उजेडाला दुसरी बाजूही आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. १९९७ मध्ये बिहारमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लिहिलं की विजेच्या दिव्यांत राहणाऱ्या शहरी माणसाच्या डोळ्यांचं माप खेड्यातल्या माणसाला लावू नका. कंदिलाच्या, चिमणीच्या उजेडात ज्याचं आयुष्य गेलं, त्याची नजर त्याच उजेडाला सरावलेली असते. ओळखीचा माणूस तो चालीवरून, आवाजावरून ओळखतो. नळीच्या पांढऱ्या दिव्याखाली फाईल वाचणाऱ्या न्यायमूर्तींनी आपलेच डोळे माप नव्हेत असं म्हणावं, हे मला न्यायबुद्धीचं फार सुंदर रूप वाटतं.

आठवणीबद्दलही असंच. १९८३ मध्ये गुजरातच्या एका खटल्यात न्यायमूर्ती एम. पी. ठक्कर यांनी साक्षीदाराच्या बाजूने लिहिलं. माणसाचं डोकं म्हणजे चित्रफीत नव्हे. वेळ किती होती असं विचारलं तर तो अंदाजच सांगणार. कोर्टाचं वातावरण, वकिलाचा जोरकस उलटतपास यांनी तो गांगरणार. किरकोळ विसंगती असतीलच, गाभा खरा आहे का ते पाहा. ‘जेवणं झाली तेव्हा’ हे खेड्यात घड्याळ असतं. आणि शवविच्छेदनात पोटात अर्धवट पचलेली भाकरी सापडली, तर त्या घड्याळाशी ती ताडून पाहिली जाते. अर्थात पचनाचा वेग माणसागणिक बदलतो, म्हणून न्यायालयं एकट्या त्यावर भिस्त ठेवत नाहीत.

शस्त्राचीही एक गंमत आहे. आरोपी पोलिसांना म्हणतो, ‘कुऱ्हाड मी गोठ्यात लपवली, काढून देतो.’ पंच बोलावले जातात, निवेदन लिहिलं जातं, सगळे गोठ्यात जातात, कुऱ्हाड निघते. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, मग यातलं काय चालतं? १९४६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने गुंटूरकडच्या गावातल्या मारामारीच्या खटल्यात याचा निवाडा केला. ‘माझ्या घराच्या छपरात ठेवलेला सुरा काढून देतो’ असं कुणी म्हटलं आणि सुरा निघाला, तर शोध कशाचा लागला? सुऱ्याचा नाही. सुरा त्या छपरात आहे हे त्या माणसाला ठाऊक होतं, याचा. ‘त्याच सुऱ्याने मी मारलं’ हे शब्द त्याने पुढे जोडले असतील तर ते गाळायचे. एका वाक्यातले अर्धे शब्द घ्यायचे आणि अर्धे टाकायचे! गावातल्या भांडणातून आलेला हा नियम आज देशभर रोज लावला जातो.

इतकं सगळं असूनही कागद फसवू शकतो. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ पेरूच्या बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जण मारले गेले. एक आई आणि तिचा मुलगा वाचले. आठवून अंगावर काटा यावा असं ते कृत्य होतं. पुढे भटक्या जमातीतल्या सहा तरुणांना अटक झाली. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांची फाशी कायम केली. तीन पायऱ्या, तीन निकाल. बहुतेक खटले इथे संपतात.

हा खटला पुन्हा उघडला, कारण पुनर्विलोकनाच्या अर्जांवर न्यायालयाने २००९ चा निकाल मागे घेतला आणि अपिलं पहिल्यापासून ऐकली. आणि मग ती नोंद पुढे आली, जी फाईलमध्ये आधीपासून होती. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, वाचलेल्या आईला पोलिसांनी गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. तिने त्यातून चार माणसं ओळखली होती. ती चार माणसं या सहांपैकी नव्हती. त्यांचा पुढे तपास झाला नाही. हीच आई नंतर कोर्टात या सहांकडे बोट दाखवत होती. ती खोटं बोलत होती असं म्हणणं क्रूर होईल. जिच्यासमोर घरचे मारले गेले, अंधारात, दहशतीत, तिच्या आठवणीला पुढे कुणी कुठे वळवलं हे कोण सांगणार? न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांनी ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं, आणि राज्याने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. सोळा वर्षं गेली होती. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हे आधीच सिद्ध झालं होतं. मोठ्या माणसांबरोबर त्यालाही फाशी सुनावलेली होती.

हा निकाल वाचताना दोन गोष्टी एकदम मनात येतात. पहिली, की फाईलमध्ये सत्य असूनही तीन वेळा ते पानापानांतून निसटलं. दुसरी, की चौथ्यांदा वाचायची सोय होती. आणि एक तिसरीही आहे, जी विसरता येत नाही: त्या झोपडीतल्या पाच जणांना कुणी मारलं, हे त्या आईला आजही कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून अपील वाचलं गेलंच पाहिजे यासाठी कायद्याने किती अडसर काढलेत ते पाहावं. गरीब कैद्याला वकील कुठला? १९७८ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठरवलं की निकालाची प्रत कैद्याला तुरुंगात फुकट मिळाली पाहिजे, आणि अपिलासाठी त्याला वकील द्यायला हवा. हर्सूलच्या तुरुंगातून कैदी स्वतः लिहून अधीक्षकाकडे अर्ज देऊ शकतो, तो अर्ज म्हणजेच अपील. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वकील आला नाही म्हणून खुनाचं अपील फेटाळता येणार नाही. फाईल वाचा आणि गुणवत्तेवर निकाल द्या. दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही तर तिसऱ्याकडे जा. अपील वर्षानुवर्षं पडून राहिलं तर शिक्षा स्थगित करून जामीन द्यायचा विचार करा, कारण शेवटी निर्दोष ठरणाऱ्याची ती वर्षं कोण परत देणार, असं १९७७ मध्येच न्यायमूर्ती भगवती यांनी विचारलं होतं. २००९ च्या अखेरीपासून मेलेल्याच्या घरच्यांनाही सुटकेविरुद्ध स्वतः अपील करता येतं. त्याआधी ती दारं फक्त सरकारच्या हाती होती.

यातली मला सर्वांत हलवून टाकणारी तरतूद ही. अपील चालू असताना आरोपी तुरुंगात मेला, तर अपील तिथे संपतं. पण त्याच्या जवळच्या नातलगांनी तीस दिवसांत अर्ज केला, तर मेलेल्या माणसाचं अपील चालू राहू शकतं. गावात ‘खुन्याचं घर’ हा शब्द पिढ्या पुरतो. मुलाला आपल्या बापाच्या नावावरून तो शब्द पुसायचा असेल, तर कायदा त्याला दार उघडतो.

ही सगळी सोय किती जुनी आहे हेही थोडं सांगायला हवं. इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचं स्वतंत्र न्यायालय १९०७ च्या कायद्याने आलं. अडॉल्फ बेक नावाच्या माणसाला दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी दोनदा दोषी ठरवलं गेलं, चूक उघडी पडली आणि देश हादरला, तेव्हा कुठे. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच अपिलाची तरतूद होती. राज्य करणाऱ्यांच्या देशाआधी राज्य केल्या गेलेल्या देशात ती आली. त्यांचा इथल्या आपल्याच खालच्या अंमलदारांवर विश्वास कमी होता म्हणून आली असेल, पण आली.

औरंगाबादला सुनावणी संपते. सरकारी वकील आणि आरोपीचे वकील, दोघांच्या टेबलावर त्याच निशाण्या, तेच पेपर बुक. निकाल वाचला जातो तेव्हा आरोपी बहुधा समोर नसतो, तो तुरुंगात असतो. इंग्रजी निकालाची शेवटची पानं सगळीकडे जवळजवळ एकसारखी असतात. अपील मंजूर असेल तर: शिक्षा रद्द, दंड भरला असल्यास परत, दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात नको असल्यास तात्काळ सोडावं. सुटलेल्यालाही एक जातमुचलका द्यावा लागतो की सरकार वर गेलं तर सहा महिन्यांच्या आत बोलावल्यास हजर राहीन. अपील फेटाळलं असेल तर: जामिनावर असलेल्याने शरण यावं.

मग मूळ फाईल परत नांदेडला जाते. पंचनामा, नकाशा, मातीच्या पुड्यांची यादी, म्हातारीची मराठी साक्ष, सगळं पुन्हा बांधून. मुद्देमालाबद्दल शेवटी एक ओळ असते: रक्ताळलेले कपडे निरुपयोगी असल्याने नष्ट करावेत, कुऱ्हाडही. त्या कुऱ्हाडीचा दांडा कुणीतरी इस्लापूरच्या जंगलातल्या लाकडाचा तासला होता, आणि त्या घरात तिनेच रोज सरपण फोडलं जात होतं.